म्हातारपणी डोकं शाबूत राहावं म्हणून चाळिशी-पन्नाशीत काय करायचं

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे हे आम्हाला त्यांच्या एकाहत्तराव्या वर्षी कळलं. इचलकरंजीतल्या यंत्रमागांच्या खडखडाटात उमेदीची सगळी वर्षं घालवलेला माणूस. त्यांना ऐकू कमी येतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. मागावरच्या माणसाला कमी ऐकू येणारच, असं आम्ही धरून चाललो होतो. बीपीची गोळी 'आता बरं वाटतंय' म्हणून ते मधूनमधून स्वतःच बंद करायचे. यातल्या कशामुळे आजार झाला असं मी म्हणत नाही, कारण एका माणसाबाबत तसं ठामपणे कुणालाच सांगता येत नाही. पण निदान झालं त्या आठवड्यात मी स्वतःचं वय मोजलं. सेहेचाळीस. डॉक्टरांना विचारलं, "मी आता काय करू?" त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं: बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, कान, चालणं, झोप, माणसं. मी विचारलं, "आणि बदाम?" ते म्हणाले, "आवडत असतील तर खा की."

त्या चिठ्ठीवर गेली काही वर्षं जे केलं, जे वाचलं आणि जिथे चुकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. गोळ्या सुरू करणं, बदलणं, थांबवणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम. या लेखाच्या भरवशावर त्यातलं काही करू नका.

आत्ताच का

अल्झायमर या डिमेन्शियाच्या नेहमीच्या प्रकारात मेंदूत होणारे बदल विसरभोळेपणा दिसायच्या १५-२० वर्षं आधी सुरू झालेले असतात. म्हणजे सत्तरीत दिसणाऱ्या आजाराची सुरुवात पन्नाशीतली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली टाळता किंवा कमी करता येण्याजोगे १४ धोके मांडले आणि हिशेब केला, की हे सगळे धोके दूर झाले तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येतील. हा आकडा लोकसंख्येचा आहे, तुमचा-माझा नाही. सगळं नीट करूनही एखाद्याला आजार होतो आणि आयुष्यभर विड्या ओढून नव्वदीत खणखणीत असलेले एखादे आजोबा प्रत्येक गावात असतातच. आपल्या हातात असतं ते पारडं थोडं आपल्याकडे झुकवणं.

भारतात ६० वर्षांवरच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला देशव्यापी अभ्यास सांगतो. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. 'हा शहरी, शिकलेल्या लोकांचा आजार' ही समजूत त्यामुळे बाद होते.

सुरुवातीची तयारी: एक वही

शंभर पानी वही घ्या. अॅप वापरायला हरकत नाही, पण अॅप दीड महिन्यात मोबाईलच्या तिसऱ्या पानावर जातं. वही जेवणाच्या टेबलावर पडून राहते आणि सगळ्यांना दिसते. पहिल्या पानावर तारीख, वय, वजन. पुढची सगळी पानं आकड्यांची.

नियम एकच. एका वेळी एकच सवय, निदान सहा आठवडे. मी पहिल्या महिन्यात सहा गोष्टी एकदम सुरू केल्या होत्या आणि दिवाळी येईपर्यंत सहाही बंद पडल्या होत्या. दुसरं असं, की नवी सवय मोकळी सोडू नका, जुन्या सवयीच्या शेपटीला बांधा. माझं बीपी मोजणं सकाळच्या चहाच्या आधी आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाल्यावर, असं बांधलेलं आहे. त्यासाठी वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

पहिली पायरी: बीपी

जाणकार वाचक म्हणतील, त्या १४ धोक्यांच्या यादीत रक्तदाबाचा वाटा २ टक्केच आहे, मग पहिला मान त्याला का? तीन कारणं. एक, बीपीमुळे होणारे पक्षाघाताचे लहानमोठे झटके मेंदूची थेट नासाडी करतात. दोन, ते वाढल्याचं बहुतेकांना कळतच नाही, कारण दुखत-खुपत काही नाही. तीन, ते घरी मोजता येतं, आणि रोज मोजायची सवय लागलेला माणूस बाकीच्या सवयींनाही लवकर वळतो.

ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांचा अनेक दशकं पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात पन्नाशीला वरचं बीपी १३० किंवा जास्त असलेल्यांमध्ये पुढे डिमेन्शियाचं प्रमाण जास्त आढळलं. अमेरिकेत नऊ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. वरचं बीपी १२० च्या खाली ठेवलेल्या गटात, १४० च्या खाली ठेवलेल्या गटापेक्षा, स्मृतीच्या सौम्य बिघाडाचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी होतं. प्रत्यक्ष डिमेन्शियाच्या बाबतीत फरक तितका स्पष्ट निघाला नाही. १२० चं लक्ष्यही सगळ्यांना झेपणारं नाही, चक्कर येऊन पडण्याची भीती असते. तुमचा आकडा किती असावा हे डॉक्टर ठरवतील. मोजायचं मात्र तुम्हीच.

मशीन दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटावरचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, कारण लहान पट्ट्यात बीपी उगाच जास्त दाखवतं. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीला सपाट टेकवून, मांडी न घालता, पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर, दंड छातीच्या पातळीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. 'आज जरा जास्त आलं, परत घेऊ' असं करत चांगला आकडा येईपर्यंत मोजणारे महाभाग आमच्या घरातही आहेत.

असं सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती १३५/८५ किंवा वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. वही बघून डॉक्टरांचाही सूर बदलतो, हा माझा अनुभव.

आता ते नेहमीचं वाक्य: 'गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर घ्यावी लागते.' असेलही. चष्माही जन्मभरच लागतो. अण्णांना हे पटवून देण्यात आम्ही कमी पडलो. त्यांचं म्हणणं असायचं, की बरं वाटत असताना औषध कशाला. बरं वाटणं हा बीपीचा आकडा नव्हे.

आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. ग्रॅम कुणी मोजत बसत नाही, म्हणून ही युक्ती करा: मिठाची एक किलोची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख घाला. चार माणसांच्या घरात ती निदान ५० दिवस पुरली पाहिजे. आमची पहिली पिशवी २९ दिवसांत संपली, आणि त्यात लोणचं, पापड, सांडगे, फरसाण यांतलं मीठ धरलेलंच नव्हतं. पानात डावीकडे मीठ वाढायची पद्धत आम्ही आता बंद केली आहे. सासूबाई अजून रुसलेल्या आहेत.

दुसरी पायरी: एकदा रक्त, एकदा टेप

उपाशीपोटी एकदा रक्त द्या. एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह. लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या चाचणीत, एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) हा आकडा बघा. त्या १४ धोक्यांत सगळ्यात मोठे वाटे दोघांचे आहेत, मध्यमवयातल्या वाढलेल्या एलडीएलचा आणि ऐकू कमी येण्याचा, प्रत्येकी सुमारे ७ टक्के. तुमचं वय, बीपी, साखर यांवर तुमचं लक्ष्य ठरतं, त्यामुळे नुसतं रिपोर्टवरच्या 'नॉर्मल' या शब्दावर जाऊ नका.

याच वेळी बी१२ या जीवनसत्त्वाची आणि थायरॉइडची टीएसएच चाचणीही करून घ्या. शाकाहारी मंडळींत, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा अॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत, बी१२ कमी असणं नेहमीचं आहे. त्याने विसरायला होतं, डोकं जड राहतं, हातापायांना मुंग्या येतात. हा डिमेन्शिया नव्हे, यावर उपचार असतो. उपचार नसलेल्याच्या भीतीने उपचार असलेलं तपासायचं राहून जातं.

मग टेप. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, हे आपल्याकडचं खास वाण. म्हणून वजनकाट्यावर समाधान मानू नका, पोट मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० ही सीमा. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, पँट पोटाच्या खाली बसते. आणि आम्हा साडीवाल्यांचं तर विचारूच नका, परकराची नाडी कुणालाही सामावून घेते.

हे आकडे वर्षातून एकदा, वाढदिवसाच्या आठवड्यात. केक कापायच्या आधी, नंतर नको.

तिसरी पायरी: कान

याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. म्हणून इथे थोडी रेंगाळते.

ऐकू कमी येऊ लागलं की मेंदूला प्रत्येक वाक्य जुळवायला जास्त राबावं लागतं, आणि आत जाणारं खाद्यही कमी होतं. त्याहून वाईट म्हणजे माणूस गप्प होतो. लग्नाच्या हॉलमध्ये, गोंगाटात, निम्मं कळत नाही म्हणून कोपऱ्यात बसतो, नाहीतर 'हो हो' म्हणून हसतो. मग जाणंच टाळतो. अण्णा भिशीला जायचे बंद झाले तेव्हा आम्ही म्हणालो, वयाने तुसडे झाले. ते तुसडे नव्हते. त्यांना ऐकू येत नव्हतं.

स्वतःला विचारण्यापेक्षा घरच्यांना विचारा: टीव्हीचा आवाज मी वाढवते का? 'काय?' असं किती वेळा म्हणते? फोन सारखा स्पीकरवर टाकते का? बायका आणि लहान मुलं पुटपुटतात असं मला वाटतं का? एकाचंही उत्तर 'हो' असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे जा. आधी कानात मळ आहे का ते बघतील, निम्म्या तक्रारी तिथेच मिटल्याचं मी ऐकलं आहे. मग ऑडिओमेट्री, म्हणजे बंद खोलीत हेडफोन लावून आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. दुखत नाही. त्याचा आलेख, म्हणजे ऑडिओग्राम, वहीत चिकटवून ठेवा, पाच वर्षांनी तुलनेला लागेल.

मशीन लावायला सांगितलं तर लावा. २०२३ मध्ये निष्कर्ष आलेल्या एका अमेरिकन चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांना श्रवणयंत्र आणि समुपदेशन, किंवा नुसती आरोग्यविषयक माहिती, असं दोन गटांत वाटलं होतं. तीन वर्षांनी सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही. पण हृदयविकार, मधुमेहासारखे धोके आधीच असलेल्या गटात स्मृतीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली होती. म्हणजे जादू नाही, पण ज्याला जास्त धोका त्याला जास्त उपयोग. जाहिरात बघून यंत्र मागवू नका. ऑडिओग्राम करून, यंत्र त्याप्रमाणे बसवून, काही दिवस वापरून बघू देणाऱ्याकडूनच घ्या. पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजही बॉम्बसारखा वाटतो. बहुतेक यंत्रं याच दिवसांत कपाटात जातात. रोज दोन तासांपासून वाढवत न्या.

आणि अजून ऐकू येतं त्यांनी ते जपा. आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत ठीक, त्यापुढे आवाज वाढला की सुरक्षित वेळ झपाट्याने आटते. ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्यांनी, मागावर, प्रेसमध्ये, जनरेटरजवळ काम करणाऱ्यांनी कानात इअरप्लग घालावेत. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर नाचायचं वय आपलं उलटलं आहे, तरी कधी मोह झालाच तर लांबून. गणपती बाप्पा लांबूनही दिसतो.

चौथी पायरी: चालणं, आणि चालण्यापलीकडचं

आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम, शिवाय दोन दिवस ताकदीचा. मध्यम म्हणजे किती? चालताना गप्पा मारता याव्यात, पण अभंग म्हणता येऊ नये. अभंग येत असेल तर वेग वाढवा. अर्धा तास सलग मिळाला नाही तर दहा-दहा मिनिटं तीनदा चाला. पाच मिनिटंही वाया जात नाहीत.

आपल्याकडच्या चालण्याचा खरा शत्रू आळस नाही, पावसाळा आहे. जूनमध्ये बंद पडलेलं चालणं ऑक्टोबरपर्यंत परत सुरू होत नाही. म्हणून मे महिन्यातच पावसाळी योजना ठरवा: सोसायटीचा जिना चार मजले तीनदा, किंवा घरातल्या घरात सूर्यनमस्कार. थंडीच्या देशांत राहणाऱ्यांनी हेच नोव्हेंबरात करायचं.

ताकदीकडे, विशेषतः आम्ही बायका, दुर्लक्ष करतो. सुरुवात खुर्चीपासून करा. हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा वेळा, दोन फेऱ्या. मग भिंतीला टेकून जोर. मग पाण्याच्या एक लिटरच्या दोन बाटल्या. गुडघे ठीक असतील तर जमिनीवर मांडी घालून बसायची आणि न धरता उठायची सवय सोडू नका. डायनिंग टेबल घरात आल्यापासून आपण जमीन विसरलो. पुढे पडून डोक्याला मार बसू नये म्हणूनही पायांत ताकद लागते.

डोक्याच्या माराचाच विषय निघाला म्हणून: दुचाकीवर हेल्मेट, मागच्यालाही, पट्टा लावून, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा. पुण्यातल्या वाचकांशी यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

पाचवी पायरी: झोप आणि इतर फुटकळ वाटणाऱ्या गोष्टी

वर सांगितलेल्या ब्रिटिश सरकारी नोकरांच्याच अभ्यासात पन्नाशी-साठीत रात्री सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत, सात तास झोपणाऱ्यांपेक्षा, पुढे डिमेन्शिया जास्त दिसला. उठायची वेळ ठरवा, झोपायची आपोआप ठरते. घोरण्यावर घरात विनोद होतात, पण घोरताना श्वास मध्येच थांबत असेल, दिवसा पेंग येत असेल, तर तो स्लीप अॅप्निया असू शकतो. नवऱ्याला किंवा बायकोला मोबाईलवर आवाज टिपायला सांगा आणि तोच डॉक्टरांना ऐकवा. झोपेची गोळी शेजाऱ्याकडून मागून घेऊ नका.

तंबाखूबद्दल: डिमेन्शियाशी थेट जोडलेला पुरावा मुख्यतः धुराचा आहे, पण मळून खाल्लेल्या तंबाखूतलं आणि मिश्रीतलं निकोटिनही बीपी चढवतं. आपल्याकडे कितीतरी आज्या मिश्रीला व्यसन मानतच नाहीत, दात घासणं मानतात. सोडायला मदत हवी तर १८०० ११२ ३५६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे. दारू जितकी कमी तितकी बरी, 'मेंदूला थोडी चांगली' असं काही नाही.

डोळे तपासा. जुन्या नंबरचा चष्मा आणि पिकलेला मोतीबिंदू दोन्ही माणसाला घरात बसवतात. दृष्टिदोषावर उपचार न होणं हा धोका एलडीएलबरोबरच २०२४ च्या यादीत नव्याने आला.

मन बरेच आठवडे उदास राहिलं, कशातच रस वाटेना झालं, तर त्याला 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. मध्यमवयातलं नैराश्यही त्या यादीत आहे. १४४१६ वर टेलि-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची मोफत फोनसेवा आहे, मराठीत बोलता येतं.

जेवण: थोडक्यात

मेंदूसाठी म्हणून बनवलेल्या एका खास आहाराची तीन वर्षांची काटेकोर चाचणी अमेरिकेत झाली, २०२३ मध्ये निकाल आला. तुलनेच्या गटापेक्षा फार फरक निघाला नाही. गिंको या वनस्पतीच्या गोळ्यांची तीन हजारांहून अधिक ज्येष्ठांवर चाचणी झाली, २००८ मध्ये कळलं की डिमेन्शिया टाळायला त्यांचा उपयोग नाही. तेव्हा कुठल्याही एका पदार्थावर भिस्त ठेवू नका, पाचशे रुपयांच्या बाटलीवर तर मुळीच नको.

जेवणाचं काम बीपी, साखर आणि एलडीएल खाली ठेवणं. त्यासाठी आपल्याच घरातलं पुष्कळ आहे: ज्वारी-नाचणीची भाकरी, रोज एक पालेभाजी, उसळी, जवसाची किंवा कारळ्याची चटणी मीठ कमी घालून, मासे खाणाऱ्यांना बांगडा आणि तारली, त्याही तळून नव्हे. चहातली साखर दर आठवड्याला पाव चमचा कमी करा, जिभेला कळत नाही. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, वेफर्स आणि वर शेंगदाण्याचा लाडू हा उपास नाही, हे मात्र लिहायलाच हवं.

सहावी पायरी: माणसं आणि नवं शिकणं

शब्दकोडी सोडवल्याने आपण शब्दकोडी सोडवण्यात तरबेज होतो. वाईट काही नाही, पण मेंदूला नवी वाट पाडायची तर न येणारी गोष्ट शिकावी लागते, चुकावं लागतं, आणि शक्यतो चारचौघांत. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये मांडला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला, आणि हे निरक्षरांतही खरं होतं. यातून भाषा हे औषध ठरत नाही. पण सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू तिन्हींत भांडू शकणाऱ्या बाईला मी आता वेगळ्या आदराने बघते. मुलांशी फक्त इंग्रजीत बोलायला लागलेल्यांनी घरातली दुसरी-तिसरी भाषा टाकू नये.

मी मोडी लिपी शिकायला घेतली. आधी पूर्ण ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग हात न उचलता त्या खाली अक्षरं लटकवत जायची. पहिले दोन महिने 'स' आणि 'म' मध्ये गोंधळ. पण वर्ग शनिवारचा असतो, तिथे आम्ही नऊ जण आहोत, कुणीतरी आजोबांचं खरेदीखत घेऊन येतं आणि सगळे मिळून त्याच्यावर तुटून पडतात. तुम्ही तबला घ्या, पोहणं घ्या, मेंढीकोटाचा अड्डा जमवा. भजनी मंडळ तर मला सगळ्यात पूर्ण व्यायाम वाटतो: पाठांतर, श्वास, ताल, कान आणि माणसं, एकाच तासात. टाळ मात्र कानापासून लांब धरा.

पुरुषांना एक वेगळी सूचना. तुमची सगळी माणसं कचेरीतली असतात आणि निवृत्तीच्या निरोप समारंभात नारळ-शालीबरोबर तीही परत घेतली जातात. साठीनंतर कट्टा शोधायला जाण्यापेक्षा पन्नाशीतच आठवड्यातली एक वेळ कामाशी संबंध नसलेल्या माणसांसाठी राखून ठेवा. व्हॉट्सअॅपवरचे सुप्रभात यात धरायचे नाहीत.

हे सगळं एकत्र केल्याने खरंच काही होतं का? फिनलंडमध्ये धोका असलेल्या, ६० ते ७७ वयाच्या १२६० लोकांवर आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि बीपी-साखरेवर लक्ष असा मेळ दोन वर्षं घालून पाहिला. २०१५ मध्ये निकाल आला: नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा हे लोक चाचण्यांत पुढे. अमेरिकेत २१११ लोकांवर तसाच प्रयोग झाला, २०२५ मध्ये निकाल आला. तिथे दोन्ही गटांना फायदा झाला, पण ठरलेलं वेळापत्रक आणि ठरलेल्या बैठका असलेल्या गटाला, 'जमेल तसं करा' म्हटलेल्यांपेक्षा, थोडा जास्त. मला यातून घेण्यासारखं वाटलं ते हे, की घरातलं किंवा शेजारचं एक माणूस जोडीला घ्या आणि दर महिन्याला एकमेकांच्या वह्या तपासा. माझी जोडीदार वरच्या मजल्यावरची वहिनी आहे. तिला खोटा आकडा सांगता येत नाही.

डॉक्टरांकडे कधी

किल्ली कुठे ठेवली हे विसरणं पन्नाशीत सगळ्यांचं होतं. किल्ली कशासाठी असते याचा गोंधळ, रोजच्या वाटेवर चुकणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारणं, नेहमीचा हिशेब किंवा नेहमीची आमटी करताना पायऱ्या चुकणं, स्वभाव अचानक पालटणं, यातलं काही महिनोन्महिने दिसत असेल तर न्यूरोलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. जाताना बरोबर घरचं माणूस न्या, कारण ज्याचं विसरतं त्याला आपण काय विसरलो हे सांगता येत नाही. अण्णांना आम्ही एकटं पाठवलं होतं. ते डॉक्टरांशी पावसापाण्याच्या छान गप्पा मारून आले.

माझ्या वहीचं शेवटचं पान काल लिहिलं. बीपीची सरासरी १२६/८०. मिठाची पिशवी ४३ दिवस. कंबर ८४, म्हणजे अजून चार सेंटिमीटर बाकी. कानाचा आलेख डाव्या बाजूला थोडा उतरता, वर्षाने परत. चालणं पावसामुळे आठवड्याला ९० मिनिटंच. मोडीतलं एक अख्खं पत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचलं, दीड तास लागला. १८९० च्या सुमारास कुणीतरी सावकाराला दोन महिन्यांची मुदत मागत होतं.